सर्व्हर उभारायला आणि राखायला शिकायचंय: सुरुवात कुठून करावी?

उंबरठा
नमस्कार मंडळी,

मी हेल्पडेस्कवर काम करते. पासवर्ड रिसेट, व्हीपीएन जोडून देणं, भरलेले मेलबॉक्स, रुसलेले प्रिंटर, हे सगळं आता हातात बसलंय. पण तिकिटावर ‘इन्फ्रा टीमकडे पाठवले’ असं लिहिताना दर वेळी वाटतं, पलीकडे ही मंडळी नेमकं काय करतात ते आपल्याला कळायला हवं. सर्व्हर उभा करणं, नेटवर्क आखणं, ते सगळं सुरक्षित ठेवणं मला मनापासून शिकायचंय.

जाणकारांना विचारलं तर दोन टोकांचे सल्ले मिळाले. एकजण म्हणाले, सरळ क्लाउडचं सर्टिफिकेशन कर, बाकीच्या भानगडीत पडू नकोस. दुसरे म्हणाले, लिनक्स आणि नेटवर्किंग पक्कं झाल्याशिवाय क्लाउडला हात लावू नकोस. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत: सुरक्षा हा पुढचा विषय आहे, आधी उभं करायला शीक. हे मला पटत नाहीये, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही.

माझ्याकडे ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. लिनक्सवर फोल्डर बदलणे, फाइल संपादित करणे इतपत जमतं. काय उभारू, कोणत्या क्रमाने? ज्यांनी हा रस्ता तुडवलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खटपट्या
८ जीबी भरपूर झाले. लॅपटॉपवर केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी साधनं) टाका आणि डेस्कटॉप नसलेल्या डेबियन लिनक्सच्या तीन-चार व्हीएम (आभासी मशीन) करा. प्रत्येकीला १ जीबी दिलीत तरी सुखाने चालतात. एकीवर वेब सर्व्हर, दुसरीवर पोस्टग्रेस हा डेटाबेस, तिसरीवर स्वतःचा डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा), जमल्यास चौथीवर मॉनिटरिंग. कोणतंही छोटं वेब ॲप घ्या आणि ते या सगळ्यांतून चालतं करा.

पहिल्यांदा सगळं हाताने करा. तयार स्क्रिप्ट नको, कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात बंद करून चालवण्याची पद्धत) नको. चालू लागलं की सगळ्या व्हीएम पुसून टाका आणि पुन्हा उभारा. दुसऱ्या खेपेला आपण काय लिहून ठेवलं नव्हतं ते लख्ख दिसतं. तिसऱ्या खेपेला तेच ॲन्सिबलने, म्हणजे लिहून ठेवलेल्या सूचनांप्रमाणे मशीन आपोआप उभारणाऱ्या साधनाने करा. तोवर ॲन्सिबलच्या फाइलमधली प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे माहीत झालेलं असतं, म्हणून ती लिहिताना कुणाचं उचलून चिकटवावं लागत नाही.

अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसचं नाव पुष्कळांच्या तोंडून ऐकाल. त्याला अजून अवकाश आहे.

रात्रपाळी
काही चालत नसेल तर डीएनएस बघा. डीएनएस नसेल असं वाटत असेल तर पुन्हा डीएनएसच बघा. :)

मेघवासी
खटपट्या यांचा मार्ग छान आहे, पण मी असहमत. लॅपटॉपवर व्हीएम फिरवून जे शिकाल त्यातलं निम्मं नोकरीत वापरावं लागणार नाही. डिस्क जोडणं, हायपरवायझर (व्हीएम चालवणारा थर) सांभाळणं ही कामं आता बहुतेक ठिकाणी क्लाउड पुरवणारे करतात. तिथे खरा प्रश्न असतो परवानग्यांचा. कोणत्या सेवेला कोणत्या स्टोरेजमधलं काय वाचता येतं, ही चावी कुणाकडे आहे, ती कधी बदलली.

क्लाउडमधल्या गळत्यांकडे बघा. कुणी फायरवॉल फोडून आत शिरलं असं फार थोड्या वेळा होतं. स्टोरेज सगळ्या जगाला उघडं राहिलेलं असतं, नाहीतर एखाद्या सेवेला गरजेपेक्षा कितीतरी जास्त अधिकार दिलेले असतात. प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा हे तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. ते क्लाउडमध्ये रोजच्या रोज वापरावं लागतं, म्हणून तिथेच शिकावं. क्लाउड आधी, हे माझं ठाम मत. फक्त खातं उघडल्या उघडल्या दोन गोष्टी करा: मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी आणि बिलाची सूचना. चावी चुकून उघड्या गिट रिपॉझिटरीत गेली, तर ती शोधणारे बॉट तिथे चोवीस तास टपलेले असतात.

वाचनमात्र
उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे.

कुलूपकिल्ली
उंबरठा, तुम्हाला जे पटत नाहीये ते बरोबरच पटत नाहीये. ‘आधी उभारा, सुरक्षा नंतर’ हा सल्ला मला मनापासून चुकीचा वाटतो. उभारताना घेतलेला प्रत्येक निर्णय सुरक्षेचाच असतो. डेटाबेस कोणत्या पत्त्यावर ऐकणार, ॲप कोणत्या युजरने चालणार, फाइलचा मालक कोण, हे ठरवल्याशिवाय उभारणी होतच नाही. तेव्हा जे ठरतं तेच पुढे वर्षानुवर्षं राहतं.

एक प्रयोग सुचवतो. क्लाउडवर सर्वांत छोटा सर्व्हर घ्या, सार्वजनिक आयपीसकट. त्यावर काहीही ठेवू नका. एसएसएच (लांबून सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्याची सेवा) हिचा लॉग उघडून बसा. थोड्याच वेळात ओळी सरकू लागतील: रूट, ॲडमिन, टेस्ट, उबुंटू, पोस्टग्रेस, ओरॅकल, या नावांनी पासवर्ड लावून बघणारे अनोळखी पत्ते. तुम्हाला कुणी ओळखत नाही, सर्व्हरचं नाव कुठे छापलेलं नाही, तरीही. आयपीव्ही-४ चे सगळे पत्ते मिळून सव्वाचार अब्जांच्या आसपास आहेत आणि ते सगळे सतत चाळले जातात. हा लॉग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की पासवर्डने लॉगिन बंद का करायचं हे वेगळं समजवावं लागत नाही.

मग करायचं ते असं. ईडी-२५५१९ प्रकारची एसएसएच किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइलींची जोडी) बनवा, तिने आत जाता येतंय याची खात्री करा, मग पासवर्ड लॉगिन आणि रूट या सर्वाधिकारी युजरचं थेट लॉगिन बंद करा. कॉन्फिग बदलल्यावर एसएसएच सेवा रीस्टार्ट करण्याआधी ती फाइल तपासून घ्यायची सोय आहे, ती वापरा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चालू सत्र तसंच उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून बघा. ते जमलं तरच पहिलं बंद करा. रीस्टार्टमध्ये आधीचं सत्र तुटत नाही, त्यामुळे काही बिघडलं तर दुरुस्तीचा रस्ता हातात राहतो.

त्यानंतर ‘एसएस’ या आज्ञेने बघा की मशीन कोणत्या पोर्टांवर (सेवांच्या क्रमांकित दारांवर) ऐकतंय. १२७.०.०.१ वर ऐकणारी सेवा फक्त त्याच मशीनपुरती असते. ०.०.०.० दिसलं की ती सगळ्या नेटवर्क कार्डांवर ऐकतेय. यादीतल्या प्रत्येक ओळीबद्दल ‘ही कशाला आहे?’ हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर शोधा, गरज नसेल तर ती सेवा बंद करा.

खटपट्यांनी कंटेनर नको म्हटलंय त्याला आणखी एक कारण जोडतो. यूएफडब्ल्यू फायरवॉल लावून सगळे पोर्ट बंद केले आणि मग डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाने एखादा पोर्ट प्रसिद्ध केला, की तो बाहेरून उघडा असतो! डॉकर स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या खालच्या पॅकेट-नियमांत) घालतो आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत येतच नाही. यूएफडब्ल्यूला विचारलंत तर तो ‘बंद’ म्हणूनच सांगतो. पोर्ट प्रसिद्ध करताना पुढे १२७.०.०.१ लिहिलं की हा धोका टळतो. पण खालची पॅकेटची वाट माहीत नसेल तर हे असं काही असू शकतं अशी शंकासुद्धा येणार नाही.

मेघवासी
डॉकरचा मुद्दा फारच महत्त्वाचा. +१

अनवट
कुलूपकिल्ली, एसएसएचचा पोर्ट २२ वरून हलवण्याबद्दल काही लिहिलं नाहीत? बहुतेक लेखांत तो पहिलाच सल्ला असतो.

कुलूपकिल्ली
मुद्दाम नाही लिहिलं. पोर्ट हलवल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, एवढा फायदा खरा. पण ज्याला तुमचाच सर्व्हर हवाय तो ६५,५३५ पोर्ट चाळायला वेळ लावत नाही. किल्ली सक्तीची केली असेल तर २२ वर ठेवा किंवा हलवा, फार फरक नाही. पासवर्ड चालू ठेवून फक्त पोर्ट हलवणं हे मात्र नुसतं समाधान.

गोष्टीवेल्हाळ
पोर्ट २२ वरून आठवलं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून वाचत होतं. टेलनेट (लांबून लॉगिन) आणि एफटीपी (फाइल पाठवणं) यांवर पासवर्ड उघडेच जात. तिथल्या टाटू यलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३, मधला २२ मोकळा होता. त्यांनी रीतसर ईमेल पाठवून तो मागून घेतला. नेटवर्क ऐकणारा कुणीतरी मध्ये बसलेलाच आहे, असं धरून चालण्याची सवय तिथून लागली.

उंबरठा, एकदा मुद्दाम दोन व्हीएममध्ये टेलनेट चालवा आणि तिसरीकडे टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं साधन) लावून बघा... नाही, थांबा, स्विचमागे तिसऱ्याला ते दिसणार नाही. लॅपटॉपवरच, ज्या ब्रिजला (आभासी स्विचला) दोन्ही व्हीएम जोडल्यात त्यावर टीसीपीडम्प लावा. पासवर्ड एकेक अक्षर करून समोर येतो.

मेधा_वि
इतका वेळ कुलपं चालली आहेत, पण बॅकअपचं नाव अजून कुणी काढलं नाही. माझ्या दृष्टीने इन्फ्राच्या माणसाची खरी परीक्षा तिथे असते.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत काय झालं ते प्रत्येक शिकाऊ माणसाने वाचावं. रात्री उशिरा एका अभियंत्याने दुय्यम डेटाबेसची डिरेक्टरी समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबी. लक्षात येईपर्यंत थोडंच उरलं होतं. असं कुणाच्याही हातून होऊ शकतं, म्हणूनच तर बॅकअप असतात. पण बॅकअप बघायला गेले तर रोजचा डम्प (डेटाबेसची फाइलीत काढलेली प्रत) निघतच नव्हता, कारण डम्प काढणारा प्रोग्राम पोस्टग्रेस ९.२ चा आणि डेटाबेस ९.६ चा. तो अपयशी झाल्याचे ईमेल जात होते, पण सही नसल्यामुळे ते डीमार्क या ईमेल-पडताळणीत अडून परत फिरत होते. शेवटी वेगळ्याच कामासाठी कुणीतरी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) कामी आला. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना थेट प्रक्षेपण केलं आणि नंतर सविस्तर अहवाल लिहिला. त्याबद्दल त्यांचं कौतुक.

तेव्हा बॅकअप घेतला याला अर्थ नाही, परत आणून बघितला याला आहे. तुमच्या व्हीएमवर डेटाबेस उभा झाला की ठरावीक दिवशी रिकाम्या मशीनवर बॅकअप उतरवायचा, ॲप त्याला जोडायचं, शेवटची नोंद दिसते का बघायचं आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं. रेडला (एकच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिण्याची सोय) बॅकअप समजू नका. चुकीची आज्ञा रेड दोन्ही डिस्कवर तितक्याच इमानाने पोचवतो.

खटपट्या
मेधाताई, प्रतिसाद अत्यंत आवडला. डम्पच्या आवृत्तीचा किस्सा माहीत होता, पण ईमेल अडल्याचं लक्षात नव्हतं. म्हणजे ‘बॅकअप चुकला’ हा ईमेल येण्याची वाट बघण्यापेक्षा ‘बॅकअप झाला’ ही खबर ठरल्या वेळेत आली नाही तर ओरडणारी व्यवस्था हवी.

मेघवासी, तुमच्या मुद्द्यावर: परवानग्यांचं म्हणणं पूर्ण मान्य. पण क्लाउडमधलं खासगी नेटवर्क आखायला बसलात की पुन्हा १० किंवा १७२.१६ किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते, सबनेट (नेटवर्कचे तुकडे), राउट टेबल (पॅकेट कुठे जाणार याची यादी) आणि नॅट (पत्ता बदलून पुढे पाठवणं) हेच समोर येतं. खासगी पत्ते ठरवणाऱ्या १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजातलंच. दोन नेटवर्कना एकच पत्त्यांची रांग दिली आणि वर्षभराने ती जोडायची वेळ आली, तर कोणतंही सर्टिफिकेशन मदतीला येत नाही. हे लॅपटॉपवर फुकटात, बिलाची धास्ती न घेता शिकता येतं.

मेघवासी
हे मान्य. सबनेटचा हिशेब कागदावर करता आला पाहिजे. तरीही सहा महिने नुसत्या व्हीएममध्ये रमू नका, एवढंच म्हणणं आहे. दोन्ही समांतर चालू द्या.

रात्रपाळी
आता गंभीरपणे लिहितो. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक जवळपास सहा तास जगाच्या नकाशावरून गायब होतं. बाहेरून बघणाऱ्याला डीएनएस उत्तर देत नाही एवढंच दिसत होतं. मूळ वेगळीकडेच होतं. देखभालीच्या एका आज्ञेने त्यांचं अंतर्गत कण्यासारखं नेटवर्क तुटलं. डेटा सेंटरशी संपर्क नाही हे बघून डीएनएस सर्व्हरनी आपले बीजीपी मार्ग (आपल्यापर्यंत कसं यायचं हे इंटरनेटला सांगणाऱ्या घोषणा) स्वतःच मागे घेतले. दुरुस्तीची साधनंही त्याच नेटवर्कवर होती, त्यामुळे लांबून आत जाता येईना, माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली.

म्हणून आखणी करताना हा प्रश्न विचाराच: जे पडल्यावर दुरुस्त करायचंय, त्याच्यावरच दुरुस्तीचा रस्ता अवलंबून आहे का? पासवर्डची तिजोरी, मॉनिटरिंग, लिहून ठेवलेली कागदपत्रं, सगळ्यांना हाच प्रश्न.

अनवट
धागा भरकटवतोय, क्षमस्व. पण २०२४ चं एक्सझेड प्रकरण बघितल्यापासून मला वाटतं की हे सगळं करून उपयोग काय? किल्ली लावली, पोर्ट बंद केले आणि खुद्द एसएसएचमध्येच मागचं दार.

गोष्टीवेल्हाळ
ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: एक्सझेड ही फाइल लहान करणारी साधी लायब्ररी. ती सांभाळणारा मुख्य माणूस एकटाच आणि थकलेला. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार घातलं. तेव्हा काही लिनक्स वितरणांत एसएसएच सेवा सिस्टमडी (सेवा सांभाळणारी प्रणाली) हिच्यामार्फत या लायब्ररीशी जोडलेली असे, तिथून ते उघडणार होतं. पकडलं ते पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी. दुसऱ्याच कशाची तरी गती मोजत असताना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं. २९ मार्च २०२४ ला त्यांनी ते जाहीर केलं.

कुलूपकिल्ली
अनवट, उपयोग आहे, आणि याच प्रकरणात दिसला. त्या आवृत्त्या मुख्यतः चाचणीच्या आणि सतत अद्ययावत होणाऱ्या वितरणांत पोचल्या होत्या, डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नव्हत्या. ज्यांचं एसएसएच जगाला उघडं नव्हतं, व्हीपीएनमागे होतं, त्यांच्यापर्यंत बाहेरचा माणूस थेट पोचलाच नसता. एक थर फसला तर दुसरा असावा, याचसाठी थर लावतात.

अनवट
मग पॅच लगेच लावायचे की थांबायचं? स्थिर आवृत्तीत उशीर झाला म्हणून वाचले, असाही अर्थ होतो.

कुलूपकिल्ली
नव्या सुविधांची घाई नको, सुरक्षेच्या पॅचला उशीर नको. स्थिर वितरणं नेमकं हेच करतात, आवृत्ती जुनीच ठेवून तिला सुरक्षेची दुरुस्ती जोडतात. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं बघा. मायक्रोसॉफ्टने पॅच १४ मार्च २०१७ ला दिला होता, हल्ला १२ मे ला झाला. मध्ये दोन महिने हाताशी होते. उलट १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. म्हणून आधी थोड्या मशीनवर, एक दिवस नजर, मग सगळीकडे. थांबणं दिवसांत मोजायचं, महिन्यांत नाही.

मेधा_वि
आणि ज्यावर पॅच लावायचा त्याची यादी हवी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीचा दोष बाहेर आला तेव्हा पॅच हाताशी असूनही ‘आपल्याकडे ही लायब्ररी कुठे कुठे आहे?’ याचं उत्तर शोधण्यातच कित्येकांचे आठवडे गेले.

उंबरठा
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर लिहाल असं वाटलं नव्हतं.

खटपट्यांनी सांगितल्याप्रमाणे डेबियनच्या तीन व्हीएम केल्या: वेब, डेटाबेस आणि एक रिकामी. किल्लीने लॉगिन होतंय, पासवर्ड बंद केला, दुसऱ्या खिडकीतून तपासून घेतलं. पण वेबवरून पोस्टग्रेसला जोडता येत नाहीये. पिंग होतो. डेटाबेसच्या व्हीएमवर बसून जोडलं तर चालतं. इंटरनेटवर एकाने सरळ फायरवॉल बंद करून बघा असं लिहिलंय, ते करावंसं वाटत नाही.

कुलूपकिल्ली
फायरवॉल बंद करू नका. एरर नेमका काय येतोय? ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ की बराच वेळ थांबून ‘टाइम्ड आउट’?

उंबरठा
रिफ्यूज्ड. लगेच येतो.

कुलूपकिल्ली
हाच सर्वांत मोठा धागादोरा. लगेच नकार आला म्हणजे पॅकेट तिथवर पोचलं आणि समोरच्या मशीनने ‘इथे या पोर्टवर कुणी नाही’ असं उत्तर परत पाठवलं. फायरवॉल जेव्हा पॅकेट मुकाट्याने टाकून देते तेव्हा उत्तरच येत नाही, तुम्ही वाट बघत बसता आणि टाइमआउट होतो. नकार द्यायला लावलेल्या फायरवॉलही असतात, पण तुमच्या बाबतीत आधी ऐकणारा पत्ता बघा. ‘एसएस’ मध्ये ५४३२ (पोस्टग्रेसचा पोर्ट) समोर काय दिसतं?

उंबरठा
१२७.०.०.१! म्हणजे पोस्टग्रेस फक्त स्वतःच्याच मशीनवर ऐकतोय.

खटपट्या
बरोबर, त्याचा मूळ स्वभावच तसा आहे आणि तो चांगला आहे. आता कॉन्फिगमध्ये ऐकण्याच्या पत्त्यात तारांकन (म्हणजे सगळे पत्ते) टाकू नका, त्या व्हीएमचा अंतर्गत पत्ता लिहा आणि सेवा रीस्टार्ट करा. नकार लगेच आला त्या अर्थी डेटाबेसच्या व्हीएमवर फायरवॉल अजून काही अडवत नाहीये, म्हणून एसएसएच चालू ठेवून ती लावा आणि ५४३२ फक्त वेबच्या पत्त्यासाठी उघडा. त्यानंतर पोस्टग्रेस स्वतः तक्रार करेल की या पत्त्यासाठी एचबीए फाइलमध्ये (कोण कुठून जोडू शकतो याची यादी) नोंद नाही. तिथे एकच डेटाबेस, एकच युजर, एकच पत्ता असलेली ओळ घाला. ॲपला पोस्टग्रेस हा सर्वाधिकारी युजर देऊ नका, वेगळा करा.

मेघवासी
हे झालं की हेच क्लाउडमध्ये करून बघा. तिथला सिक्युरिटी ग्रुप (तिथली फायरवॉल) नकार कळवत नाही, मुकाट्याने टाकून देतो. त्यामुळे नियम विसरला तर नेहमी टाइमआउटच मिळेल. आज शिकलेला फरक तिथे रोज कामाला येतो.

उंबरठा
झालं! वेबवरून जोडलं जातंय. रिकाम्या व्हीएमवरून मुद्दाम प्रयत्न केला तर टाइमआउट, म्हणजे फायरवॉल काम करतेय. टीसीपीडम्पमध्ये पॅकेट येताना दिसलं आणि पुढे काहीच नाही. दोन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहिले.

मेधाताई, आता बॅकअप. रिकामी व्हीएम त्यासाठी वापरते. डेटाबेसच्या व्हीएमवरून रोज डम्प काढून तिकडे ढकलावा असा विचार आहे. ठीक?

मेधा_वि
दिशा उलटी करा. ढकलायचं म्हटलं तर बॅकअपच्या मशीनवर लिहायची किल्ली डेटाबेसच्या मशीनवर ठेवावी लागते. डेटाबेसचं मशीन कुणाच्या ताब्यात गेलं तर त्याच किल्लीने तो बॅकअपही पुसतो. खंडणी मागणारे आधी तेच करतात. बॅकअपच्या मशीनने येऊन डम्प ओढून न्यावा. त्याच्याकडची किल्ली डेटाबेसवर फक्त डम्प काढण्याची एकच आज्ञा चालवू शकेल अशी बांधता येते, अधिकृत किल्ल्यांच्या फाइलमध्ये किल्लीच्या आधी ती आज्ञा लिहायची. डेटाबेसकडे बॅकअप मशीनची कोणतीच किल्ली नको आणि बॅकअप मशीनवर त्या बाजूने येणारं एसएसएच बंद.

तिन्ही व्हीएम एकाच लॅपटॉपच्या एकाच डिस्कवर आहेत, तेव्हा एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवा. पहिला रिस्टोअर झाला की किती वेळ लागला ते इथे लिहा.